अंतहीन धावखेळ

अंतहीन धावखेळ : ज्या व्हिडिओ खेळात पडद्यावरील पात्र आपोआप पुढे धावत राहते, वाट कधीही संपत नाही आणि खेळाडूच्या हाती केवळ उडी मारणे, वाकणे किंवा बाजूला सरकणे एवढ्याच क्रिया असतात, त्या खेळास अंतहीन धावखेळ म्हणतात. इंग्रजीत तो ‘एंडलेस रनर’ या नावाने ओळखला जातो. या खेळात विजय नसतो. पात्र अडथळ्यावर आदळले किंवा खड्ड्यात पडले, की खेळ संपतो व तोवर कापलेल्या अंतरावरून खेळाडूचे गुण ठरतात. २००९ नंतर स्पर्शपडदा असलेल्या मोबाइल दूरध्वनींच्या प्रसाराबरोबर हा प्रकार जगभर लोकप्रिय झाला.

खेळाचे नाव अंतहीन असले, तरी त्याच्या घटकांपैकी काहीही अमर्याद नसते. थोडी स्मृती, मोजके चित्रखंड आणि खेळाडूच्या एक-दोन क्रिया यांतून न संपणाऱ्या वाटेचा आभास निर्माण करणे, हा या खेळाची आज्ञावली लिहिणाऱ्यापुढील पहिला प्रश्न होय. दुसरा प्रश्न न्यायाचा आहे. वाट आधी आखलेली नसून खेळता खेळता तयार होत असल्याने, ती प्रत्येक वेळी पार करण्याजोगी असेल याची हमी आज्ञावलीनेच द्यावी लागते. पराभव खेळाडूच्या चुकीमुळे झाला पाहिजे, यंत्राच्या लहरीमुळे नव्हे. या खेळप्रकाराचा इतिहास मुख्यतः या दोन प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास आहे.

पूर्वेतिहास : पडद्यावरील दृश्य आपोआप सरकत राहील आणि खेळाडूस त्याच्या गतीशी जुळवून घ्यावे लागेल, ही कल्पना नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांवर १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रूढ झाली. कोनामी या जपानी कंपनीच्या ‘स्क्रॅम्बल’ (१९८१) या खेळात विमानाखालील भूप्रदेश अखंड सरकत असे. इरेम या जपानी कंपनीच्या ‘मून पट्रोल’ (१९८२) मध्ये चंद्रावरील गाडी सतत पुढे जात असे व खेळाडूस विवरांवरून तिची उडी मारावी लागे. आगगाडीतून पाहताना रुळांलगतची झाडे वेगाने आणि दूरचे डोंगर संथपणे मागे सरकताना दिसतात. या पराशयाच्या परिणामाचा उपयोग पार्श्वभूमीसाठी करणाऱ्या आरंभीच्या खेळांत ‘मून पट्रोल’ची गणना होते. आजही बहुतेक धावखेळांत पार्श्वभूमीचे थर निरनिराळ्या वेगांनी सरकवून खोलीचा भास निर्माण केला जातो. मात्र त्या काळच्या अशा खेळांतील मार्ग आधी आखून स्मृतीत साठविलेला असे.

न साठविलेल्या मार्गाची कल्पना घरगुती खेळयंत्रांच्या टंचाईतून पुढे आली. १९७७ मध्ये बाजारात आलेल्या अटारी २६०० या यंत्राची कार्यकारी स्मृती अवघी १२८ बाइट होती आणि त्याच्या खेळपेटीत सामान्यतः ४,०९६ बाइटांची आज्ञावली मावत असे. युनिकोडच्या आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीने देवनागरी मजकूर साठविल्यास एवढ्या जागेत सु. १,३६५ चिन्हे, म्हणजे साधारणतः पुस्तकाचे एक पान बसते. त्यातच चित्रे, ध्वनी आणि नियम बसवावयाचे असल्याने लांबलचक मार्गाचा नकाशा साठविणे अशक्य होते.

ॲक्टिव्हिजन या अमेरिकन कंपनीतील दोन आज्ञावलीकारांनी १९८२ मध्ये यावर एकाच स्वरूपाचा तोडगा काढला. कॅरोल शॉ यांच्या ‘रिव्हर रेड’ या खेळात विमान एका नदीवरून पुढे जात राहते. नदीचे काठ, बेटे व शत्रूची जहाजे स्मृतीत साठविलेली नसून एका गणिती क्रियेतून क्षणोक्षणी काढली जातात. डेव्हिड क्रेन यांच्या ‘पिटफॉल’ या खेळातील जंगलाची २५५ दृश्येही याच तऱ्हेने निर्माण होतात. या क्रियेस फीडबॅक शिफ्ट रजिस्टर असे म्हणतात. द्विमान पद्धतीतील एक संख्या एका स्थानाने सरकवायची आणि तिच्या ठरावीक स्थानांवरील अंकांवरून रिकाम्या झालेल्या जागेचा नवा अंक ठरवायचा, एवढेच तिचे स्वरूप असते. संख्या आठ अंकांची असेल व स्थाने योग्य निवडलेली असतील, तर शून्य वगळता २५५ निरनिराळ्या संख्या एकेकदा येऊन मग क्रम पुन्हा सुरू होतो. ‘पिटफॉल’मध्ये प्रत्येक संख्येवरून एका दृश्यातील झाडे, खड्डे व अडथळे ठरत. ही क्रिया उलटही करता येत असल्यामुळे मागे फिरलेल्या खेळाडूस आधीचे दृश्य जसेच्या तसे पुन्हा मिळे.

अशा संख्यांना आभासी यादृच्छिक संख्या म्हणतात. त्या अनियमित दिसतात, परंतु आरंभीची संख्या तीच ठेवल्यास त्यांचा क्रमही तोच राहतो. म्हणूनच ‘रिव्हर रेड’मधील नदी प्रत्येक खेळात तीच असे आणि सराव केलेला खेळाडू तिची वळणे पाठ करू शके. पुढील काळातील धावखेळांत आरंभीची संख्या सामान्यतः यंत्रातील घड्याळावरून घेतली जाऊ लागली. त्यामुळे वाट दर वेळी नवी झाली आणि पाठांतराची जागा केवळ दक्षतेने घेतली. संगणकाने स्वतः प्रदेश रचण्याची ही पद्धत ‘रोग’ (१९८०) आणि ‘एलीट’ (१९८४) या खेळांतही वापरली गेली. त्यांपैकी ‘एलीट’मध्ये प्रत्येकी २५६ ग्रहमालांच्या आठ आकाशगंगा अशाच एका क्रियेतून निर्माण केल्या होत्या.

‘कॅनबाल्ट’ व स्पर्शपडदा : आजच्या अर्थाने अंतहीन धावखेळाचे स्वरूप २००९ मध्ये स्थिर झाले. त्या वर्षी ॲडम सॉल्ट्समन या अमेरिकन आज्ञावलीकाराने ‘कॅनबाल्ट’ हा खेळ प्रायोगिक खेळांच्या एका उपक्रमासाठी केवळ काही दिवसांत तयार केला. उपक्रमाचा त्या महिन्याचा विषय ‘कमीत कमी’ असा होता. सॉल्ट्समन यांनी खेळाडूला एकच बटण दिले आणि रंग करड्या छटांपुरते मर्यादित ठेवले. कोसळणाऱ्या नगरातील इमारतींच्या छपरांवरून एक मनुष्य धावत सुटतो व त्याचा वेग वाढतच जातो, एवढेच कथानक आहे. छपरावरील खोक्यांना अडखळल्यास तो थोडा मंदावतो. ही शिक्षा वाटली, तरी वेग हाताबाहेर जाऊ लागल्यावर तिचाच आधार घ्यावा लागतो. हा खेळ प्रथम न्याहाळकात फ्लॅश या तंत्रावर आणि त्याच वर्षी आयफोनवर उपलब्ध झाला.

या प्रकाराचा आयफोनशी जुळलेला मेळ आकस्मिक नव्हता. २००७ मध्ये आलेल्या या दूरध्वनीस खेळण्यायोग्य बटणे नव्हती. चार दिशांची कळ आणि दोन-तीन बटणे गृहीत धरून रचलेले जुने खेळ काचेच्या सपाट पडद्यावर अवघड होत, कारण बोटाला कळ जाणवत नसे आणि बोटामुळे चित्रही झाकले जाई. पात्र आपोआप धावते म्हटल्यावर दिशेची कळ अनावश्यक ठरली व पडद्यास कोठेही केलेला स्पर्श पुरेसा झाला. अटारीच्या काळात स्मृतीच्या टंचाईने वाट अंतहीन केली. येथे बटणांच्या टंचाईने धावणे अखंड केले.

२०११ मध्ये इमँगी स्टुडिओजच्या ‘टेम्पल रन’ने या प्रकारास त्रिमितीय रूप दिले. कीथ शेफर्ड व नतालिया लकियानोव्हा या दांपत्याने किरिल चांगोव्ह या चित्रकाराच्या साहाय्याने तो तयार केला. पात्र पाठीमागून दिसते, पडद्यावर बोट ओढून वळावे, उडी मारावी किंवा घसरावे लागते आणि दूरध्वनी कलता करून वाटेतील नाणी गोळा करता येतात. २०१२ मध्ये डेन्मार्कमधील किलू व सायबो या संस्थांनी ‘सबवे सर्फर्स’ हा तीन समांतर रुळांवरील खेळ प्रसिद्ध केला. २०१३ पासून त्याची पार्श्वभूमी जगातील निरनिराळ्या नगरांनुसार बदलली जाऊ लागली आणि या मालिकेत मुंबईचाही समावेश झाला. गूगल प्ले या भांडारातून १०० कोटी वेळा उतरवून घेतला गेलेला हा पहिला खेळ ठरला (२०१८).

आज्ञावलीची रचना : धावखेळाची आज्ञावली एका अखंड चक्राच्या स्वरूपात असते. प्रत्येक फेरीत खेळाडूचा स्पर्श वाचणे, सर्व वस्तूंची नवी स्थाने काढणे, टक्कर झाली का ते तपासणे आणि दृश्य पुन्हा रेखाटणे ही कामे क्रमाने होतात. दर सेकंदास ६० चित्रे दाखवावयाची असल्यास एका फेरीस सु. १६·७ मिलिसेकंद मिळतात. दूरध्वनी मंद असल्यास फेऱ्या कमी होतात. अशा वेळी धावपटूही मंदावू नये म्हणून प्रत्येक हालचाल मागील फेरीपासून लोटलेल्या काळाने गुणली जाते.

पडद्यावर धावपटू पुढे जाताना दिसतो, तथापि अनेक आज्ञावलींत तो जागच्या जागी असतो आणि जमीनच मागे सरकविली जाते. यामागे गणिताचेही कारण आहे. संगणकातील ३२ अंकी दशांशचल संख्येत केवळ २४ द्विमान अंकांएवढी अचूकता असते. त्यामुळे आरंभस्थानापासून एक लक्ष एककांवर लगतच्या दोन संख्यांतील अंतर १/१२८ एकक होते, तर १,६७,७७,२१६ च्या पुढे एकेक पूर्णांकही वेगळा दाखविता येत नाही. धावपटू खरोखर दूर गेला, तर त्याची हालचाल थरथरती होऊन टक्करही चुकीची मोजली जाऊ शकते. म्हणून जमीन सरकविणे किंवा काही अंतरानंतर संपूर्ण दृश्य पुन्हा आरंभस्थानाशी आणणे, हे दोन उपाय योजतात. वाट अंतहीन राहावी, यासाठी धावपटूला दूर जाऊच दिले जात नाही.

जमिनीचे तुकडेही थोडेच असतात. पडद्याच्या मागच्या कडेबाहेर गेलेला तुकडा नष्ट न करता पुढच्या कडेबाहेर नेऊन ठेवतात. रहाटगाडग्याप्रमाणे तीच पोहरी रिकामी होऊन पुन्हा भरून येतात. नवीन वस्तू वारंवार निर्माण केल्यास व टाकून दिल्यास स्मृती साफ करण्यासाठी आज्ञावलीस मध्येच थांबावे लागते. एका सेकंदाच्या दशांशाएवढा खंडही उडीचा क्षण चुकविण्यास पुरेसा असतो. म्हणून नाणी व अडथळे यांचा ठरावीक संच आरंभीच तयार करून तोच फिरवीत राहतात.

उडी आणि न्याय : उडीचे गणित शालेय भौतिकीतील फेकलेल्या वस्तूच्या गतीचेच आहे. स्पर्श होताच पात्रास ऊर्ध्व वेग दिला जातो व प्रत्येक फेरीत त्यातून गुरुत्वीय प्रवेग वजा केला जातो. उदा., आरंभीचा ऊर्ध्व वेग दर फेरीस १२ चित्रबिंदू आणि प्रवेग ०·६ असल्यास पात्र सु. १२० चित्रबिंदू उंच जाते आणि ४० फेऱ्यांनी, म्हणजे दोन तृतीयांश सेकंदात जमिनीवर येते. तेवढ्या काळात जमीन दर फेरीस ६ चित्रबिंदू सरकत असल्यास उडी २४० चित्रबिंदू लांब पडते. वेग १२ झाल्यास तीच उडी ४८० चित्रबिंदूंची होते. म्हणून खड्ड्याची रुंदी व दोन अडथळ्यांमधील अंतर ठरीव असून चालत नाही. संख्या यादृच्छिक असली, तरी तिच्या कमाल व किमान मर्यादा त्या क्षणीच्या वेगावरून काढाव्या लागतात. हा संबंध लक्षात न घेतल्यास काही काळाने पार न करता येणारा खड्डा येतो किंवा उडीनंतर पाय टेकण्याची जागाच दुसऱ्या अडथळ्याने व्यापलेली असते. नवशिक्यांच्या आज्ञावलींत हा दोष सहज राहून जातो. त्रिमितीय खेळांत अशी अडचण टाळण्यासाठी वाटेचे तुकडे माणसाने आखून व तपासून ठेवलेले असतात आणि यंत्र केवळ त्यांचा क्रम निवडते. तीन रुळांच्या खेळात निदान एक रूळ मोकळा असावा व तेथवर पोहोचण्यास पुरेसा वेळ मिळावा, हीही अट असते.

टक्कर ठरविण्यासाठी चित्राची बाह्यरेषा न तपासता पात्र व अडथळा यांभोवती कल्पिलेल्या चौकटी एकमेकींना छेदतात का, एवढेच पाहतात. ही चौकट चित्राहून किंचित लहान ठेवण्याची प्रथा आहे. अडथळ्यास केसभर स्पर्श होऊनही निसटलेला खेळाडू आनंदित होतो. उलट स्पर्श न होता बाद झालेल्याचा खेळावरील विश्वास उडतो. छपराच्या कडेवरून पाऊल सुटल्यानंतरही काही फेऱ्यांपर्यंत उडी मान्य करण्याची सवलत अनेक खेळांत याच हेतूने दिलेली असते.

या सर्व तत्त्वांचे साधे उदाहरण म्हणजे गूगलच्या क्रोम या न्याहाळकात २०१४ पासून समाविष्ट असलेला डायनोसॉरचा खेळ होय. इंटरनेट तुटल्यावर दिसणाऱ्या पानावरच तो खेळता येतो. त्याची आज्ञावली सर्वांना वाचण्यास खुली आहे. तीत वेग दर फेरीस ६ चित्रबिंदूंपासून सुरू होऊन प्रत्येक फेरीत ०·००१ ने वाढतो व १३ वर थांबतो. ही वाढ सु. दोन मिनिटांत पूर्ण होते. संगणकावरील दृश्याची मूळ रुंदी ६०० चित्रबिंदू आहे. धावणाऱ्या डायनोसॉरपुढे त्यांपैकी सु. ५०० उरतात, असे धरल्यास आरंभी उजव्या कडेला दिसलेले निवडुंग त्याच्यापर्यंत येण्यास सु. १·४ सेकंद लागतात, तर कमाल वेगाला सु. ०·६ सेकंदच. डोळ्याने पाहून बोट हलविण्यास माणसास सु. पाव सेकंद लागत असल्याने वेग याहून फार वाढविल्यास खेळ कौशल्याचा न राहता नशिबाचा होईल. कमाल मर्यादा घालण्याचे कारण हेच. गूगलने २०१८ मध्ये दिलेल्या माहितीनुसार हा खेळ महिन्याला सु. २७ कोटी वेळा खेळला जात होता आणि त्यातील बहुतेक खेळाडू इंटरनेट महाग किंवा बेभरवशाचे असलेल्या भारत, ब्राझील, मेक्सिको व इंडोनेशिया यांसारख्या देशांतील होते.

अर्थकारण व परिणाम : २००९ मध्ये ॲपलने विनामूल्य खेळांतही अंतर्गत खरेदीस मुभा दिली. ‘टेम्पल रन’ आरंभी अल्प मूल्यास विकला जात असे. प्रसिद्धीनंतर दीड-एक महिन्यातच तो विनामूल्य करण्यात आला आणि त्यानंतर त्याचा प्रसार झपाट्याने झाला. खेळाचे मूल्य आधी घेण्याऐवजी खेळता खेळता घेण्याच्या या पद्धतीचा परिणाम खेळाच्या नियमांवर झाला. ‘टेम्पल रन २’ (२०१३) मध्ये रत्ने आणि ‘सबवे सर्फर्स’मध्ये किल्ल्या खर्चून पडलेल्या धावपटूस पुन्हा उठविता येते. एकाच धावेत दुसऱ्यांदा उठविण्याची किंमत दुप्पट, तिसऱ्यांदा चौपट अशी चढत जाते. ही साधने खेळातून थोडीफार मिळतात. तसेच ती पैसे देऊन विकतही घेता येतात.

यामुळे मूळ कराराचे स्वरूप बदलले. चुकीमुळे धाव संपते आणि म्हणूनच कापलेल्या अंतरास मोल असते, हा धावखेळाचा पाया होता. जेथे पडणे हेच विक्रीचे निमित्त होते, तेथे खेळाडूने पडावे यात रचनाकाराचाही लाभ असतो. अडथळ्यांची दाटी ठरविणारी संख्या न्यायासाठी निवडली की उत्पन्नासाठी, हे पडद्यावर पाहून ओळखता येत नाही. रोजच्या रोज परत येणाऱ्यास बक्षिसे देण्याची पद्धतही रूढ झाली आणि वाटेच्या अंतहीनतेबरोबर खेळाडूच्या वेळेचा प्रश्न उपस्थित झाला.

या प्रश्नाला एका आज्ञावलीकाराने दिलेले उत्तर उल्लेखनीय आहे. व्हिएतनाममधील हनोई येथील डाँग ग्विन यांचा ‘फ्लॅपी बर्ड’ हा खेळ मे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धावणाऱ्या पात्राऐवजी उडणारा पक्षी असून प्रत्येक स्पर्शास तो पंख मारतो व नळांच्या जोड्यांमधून जातो. पक्ष्याचा वेग बदलत नाही, केवळ मोकळ्या जागेची उंची बदलते. काही महिने दुर्लक्षित राहिल्यावर जानेवारी २०१४ मध्ये त्यास अकस्मात प्रचंड प्रसिद्धी मिळाली. जाहिरातींपासून त्याचे उत्पन्न दिवसाला सु. ५०,००० डॉलर असल्याचे वृत्त आले. फेब्रुवारी २०१४ मध्ये ग्विन यांनी तो भांडारांतून काढून घेतला. तो लोकांना व्यसनासारखा जडला, हे कारण त्यांनी त्यानंतर सांगितले. पुढील काही आठवड्यांत त्याच्या असंख्य नकला प्रसिद्ध झाल्या.

महत्त्व : न्यूयॉर्क येथील आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये आपल्या संग्रहासाठी प्रथम निवडलेल्या १४ व्हिडिओ खेळांत ‘पॅकमॅन’ व ‘टेट्रिस’ यांच्याबरोबर ‘कॅनबाल्ट’चाही समावेश होता. खेळांची आज्ञावली लिहिण्यास शिकणाऱ्यांच्या आरंभीच्या पाठांतही धावखेळास स्थान मिळाले. चक्र, वेग व प्रवेग, टक्कर, यादृच्छिक संख्या आणि स्मृतीची काटकसर हे विषय त्यात एकत्र येतात आणि तरीही आज्ञावली काही शे ओळींत पुरी होऊ शकते. युनिटी या खेळरचनेच्या तंत्राबरोबर शिकणाऱ्यांसाठी दिलेल्या नमुन्यांतही असा एक खेळ असून त्यात एक मांजर धावते. या खेळांचे जतन मात्र सोपे नाही. ‘कॅनबाल्ट’ मुळात ज्या फ्लॅश तंत्रावर चालत असे, ते डिसेंबर २०२० अखेर बंद करण्यात आले आणि न्याहाळकातील त्याच्या मूळ आवृत्तीसारख्या असंख्य खेळांना चालण्यासाठी जुन्या तंत्राचे अनुकरण करणाऱ्या नव्या आज्ञावलींवर अवलंबून राहावे लागले.